इंग्लंडमधल्या चर्चच्या प्राथमिक शाळेचं गव्हर्निंग बोर्ड: काम काय, हद्द कुठपर्यंत?

टेकडीवरची_चिमणी

चर्च ऑफ इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत मुलं असलेले मराठी पालक इथे बरेच आहेत. शाळेकडून अधूनमधून पालक-गव्हर्नरच्या, म्हणजे शाळेच्या नियामक मंडळावरच्या (गव्हर्निंग बोर्ड) पालक सभासदाच्या, निवडणुकीचं पत्र येतं. त्यात 'शाळेच्या वाटचालीत सहभागी व्हा' याच्या पलीकडे फारसं काही नसतं. म्हणून हा धागा.

१. शाळा चर्चची, मग गव्हर्नर ख्रिश्चनच लागतो का?
२. हे बोर्ड म्हणजे आपल्याकडची शाळा व्यवस्थापन समिती की पालक-शिक्षक संघ?
३. हेडवर (मुख्याध्यापकांवर) देखरेख म्हणजे प्रत्यक्षात करायचं काय?
४. वेळ किती जातो, आणि काही चुकलं तर खिशाला चाट बसते का?

जाणकारांनी लिहावं. किस्से नकोत, कामाची माहिती हवी.

कारकून_काकू

चांगला धागा. उत्तरं द्यायच्या आधी एक उलटा प्रश्न: शाळा व्हीए आहे की व्हीसी? म्हणजे व्हॉलंटरी एडेड की व्हॉलंटरी कंट्रोल्ड. हे दोन प्रकार १९४४ च्या शिक्षण कायद्यातून आले. बाहेरून दोन्ही शाळा सारख्याच दिसतात, तोच क्रॉस, तोच गणवेश. बोर्डाचं काम मात्र निम्म्याहून जास्त यावरच ठरतं.

व्हीए शाळेत शिक्षकांचा मालक, म्हणजे नोकरी देणारा, गव्हर्निंग बोर्ड असतो. प्रवेशाचे नियमही बोर्डच ठरवतं आणि इमारतीची जबाबदारीही त्याचीच. व्हीसीमध्ये या तिन्ही गोष्टी काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडे. कॅथलिक शाळा व्हीए असतात, नाहीतर अकॅडमी (काउन्सिलच्या कक्षेबाहेरची सरकारी अनुदानित शाळा). चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळांत सगळे प्रकार सापडतात.

रचना अशी. हेड १, कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी १, काउन्सिलने सुचवलेला १, पालक किमान २. झाले पाच. व्हीएमध्ये चर्चने नेमलेले, म्हणजे फाउंडेशन गव्हर्नर, बाकी सगळ्यांपेक्षा दोनने जास्त हवेत. म्हणून ७, एकूण १२. पालकांची एक जागा वाढवलीत की फाउंडेशनचीही एक वाढते. व्हीसीमध्ये उलट: फाउंडेशनचे किमान दोन, पण एकूण संख्येच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नाहीत. कायद्यातला सर्वसाधारण किमान आकडा सात असला तरी दोनचे चारपट आठ, त्यामुळे व्हीसी बोर्ड आठच्या खाली जाऊ शकत नाही.

तुमचा पहिला प्रश्न: पालक-गव्हर्नरला धर्माची अट नाही. पालकांनी निवडून दिलं की झालं. मुदत सहसा चार वर्षं, आणि मधे मूल शाळा सोडून गेलं तरी ती पूर्ण करता येते. फाउंडेशनच्या जागांसाठी मात्र डायोसिसची, म्हणजे धर्मप्रांताची, स्वतःची अट असते.

हिशेबी

खिशाच्या प्रश्नावर. गव्हर्नरला मानधन नसतं. बोर्डाने ठरवलं असेल तर प्रवासखर्च किंवा मुलं सांभाळायला ठेवलेल्या बाईचा खर्च मिळतो. बोर्ड ही स्वतंत्र कायदेशीर संस्था असते, त्यामुळे सद्भावनेने घेतलेल्या निर्णयाची झळ सभासदाच्या घरापर्यंत येत नाही.

शाळेच्या खिशाला मात्र बसते, आणि ती व्हीएमध्ये छपरावरून. मोठ्या दुरुस्तीचा ९०% खर्च सरकार देतं, १०% गव्हर्नरांनी उभा करायचा. ५०,००० पौंडांचं छप्पर धरा. वर २०% व्हॅट, एकूण ६०,०००. बोर्डाचा वाटा ५,००० नव्हे, ६,०००. अशा कामावरचा व्हॅट व्हीए शाळेला परत मिळत नाही आणि नेमकं हेच नव्या लोकांच्या अंदाजपत्रकातून सुटतं. म्हणून व्हीए शाळा पालकांकडे दरवर्षी ऐच्छिक वर्गणी मागतात. ऐच्छिक म्हणजे खरोखर ऐच्छिक. ती न देणाऱ्याच्या मुलाला प्रवेशात किंवा वर्गात काहीही फरक पडता कामा नये. देणारा इथे कर भरत असेल तर गिफ्ट एडचा (देणगीवरचा कर सरकारकडून शाळेला मिळवून देणारा) फॉर्म जरूर भरून घ्या, १०० पौंडांमागे आणखी २५ मिळतात.

दुसरी नेहमीची चूक: पाणी गळतंय म्हणून कंत्राटदाराला बोलावलं, काम सुरू केलं आणि मंजुरी मागाहून मागितली. आधी डायोसिसच्या यादीत कामाचं नाव, मग मंजुरी, मग ऑर्डर. क्रम उलटला तर ९०% वर पाणी सोडायची वेळ येते. ताडपत्री टाकून पाऊस थोपवणं वेगळं, अख्खं छप्पर बदलणं वेगळं.

मैदान सहसा काउन्सिलच्या अखत्यारीत असतं, कुंपण दुरुस्त करण्याआधी हद्द तपासा. आणि जमीन बऱ्याचदा चर्चच्या ट्रस्टींच्या नावावर असते, बोर्डाच्या नाही. एकोणिसाव्या शतकातलं ट्रस्ट डीड कपाटात कुठेतरी असतं. ते एकदा वाचलेलं बरं.

टेकडीवरची_चिमणी

काकू, हिशेबी, आभार. म्हणजे आपल्याकडच्या समितीपेक्षा हे बरंच वेगळं दिसतंय. आणि बैठकीच्या सुरुवातीला प्रार्थना होते म्हणे. त्यात भाग घ्यावा लागतो का?

उत्तरायण

वेगळंच आहे. शिक्षण हक्क कायद्यातल्या आपल्या शाळा व्यवस्थापन समितीत ७५% पालक आणि निम्म्या महिला असतात. इथल्या व्हीए बोर्डात बहुमत संस्थापकाचं, म्हणजे चर्चचं. आणि पालक-शिक्षक संघाशी तर संबंधच नाही. केक विकून पैसे जमवणं हे त्यांचं काम, ते पैसे कुठे जातात हे विचारणं बोर्डाचं.

प्रार्थनेबद्दल: बहुतेक ठिकाणी व्हिकर (स्थानिक चर्चचे धर्मगुरू) अर्धा-एक मिनिट प्रार्थना म्हणतात. शांत बसलात तरी चालतं, कोणी वळून बघत नाही. अपेक्षा एवढीच की शाळेच्या ख्रिस्ती वळणाला तुमचा विरोध नसावा. हिंदू, मुस्लिम, निरीश्वरवादी पालक-गव्हर्नर सर्रास असतात.

पण 'ते धर्माचं काय ते व्हिकर बघतील' असं म्हणून अंग काढून घेऊ नका. चर्चच्या शाळेला ऑफस्टेडखेरीज (सरकारी शाळा-तपासणी) आणखी एक तपासणी असते, तिला सायम्स म्हणतात. सप्टेंबर २०२३ पासूनच्या आराखड्यात सात प्रश्न आहेत आणि त्यांचा गाभा एकच: शाळेने जी ख्रिस्ती दृष्टी लिहून ठेवली आहे ती निर्णयांत दिसते का? तपासनीस गव्हर्नरांना विचारतात, 'या दृष्टीमुळे तुम्ही गेल्या वर्षी कोणता निर्णय वेगळा घेतलात?' इथे भिंतीवरचं बायबलवचन पाठ म्हणून दाखवणारं बोर्ड आपटतं. 'अंदाजपत्रक तुटीत होतं, तरी विशेष गरजा असलेल्या मुलांची सहाय्यक आम्ही ठेवली, आणि त्याऐवजी अमुक खर्च कापला' असं उत्तर चालतं, कारण त्यात निर्णय आहे, किंमत आहे आणि ते इतिवृत्तात सापडतं.

धर्मशिक्षणाची वेळही बोर्डाने मोजायची असते. चर्च ऑफ इंग्लंडची अपेक्षा अध्यापनाच्या वेळेच्या १०% च्या जवळ, ५% च्या खाली नाही. आठवड्याला २५ तास शिकवत असाल तर सव्वा तास ही खालची रेघ. वेळापत्रकात तास असतो आणि डिसेंबरात ख्रिसमसच्या नाटकाच्या तालमी तो खाऊन टाकतात. म्हणून वेळापत्रकाबरोबर मुलांच्या वह्याही बघा. व्हीएमध्ये अभ्यासक्रम ट्रस्ट डीडनुसार, व्हीसीमध्ये सहसा काउन्सिलच्या भागातला ठरलेला. त्यातून किंवा रोजच्या सामूहिक उपासनेतून मुलाला बाहेर ठेवण्याचा पालकांना कायदेशीर हक्क आहे. ती मुलं त्या वेळात कुठे बसतात आणि त्यांच्यावर लक्ष कोण ठेवतं, हा गव्हर्नरने विचारायचा साधा प्रश्न. बहुतेक वेळा याचं उत्तर तयार नसतं.

पानसुपारी

वाचतोय. पण खरं सांगायचं तर हे सगळे रबर स्टँप. हेड अहवाल वाचतात, सगळे मान हलवतात, बिस्किटं खातात, घरी जातात. दोष कोणाला द्यायचा?

कारकून_काकू

बिस्किटांवर आक्षेप नाही. बाकी तुमचं निरीक्षण बऱ्याच बोर्डांना लागू आहे, आणि त्याची कारणं नेहमी कागदांच्या तारखांत सापडतात.

कायद्याने वर्षाला किमान तीन बैठका. बहुतेक बोर्डं सहा घेतात, दर अर्ध्या टर्मला एक. विषयपत्रिका आणि कागद सात पूर्ण दिवस आधी पोचायला हवेत. हेडचा अहवाल आदल्या रात्री अकराला आला तर दुसऱ्या दिवशी कोण काय विचारणार? तिथेच मान डोलवणं सुरू होतं. उपाय हेडला दटावणं नव्हे. वर्षाचं वेळापत्रक जुलैतच ठरवा, अहवालाची तारीख त्यात घाला आणि क्लार्कला, म्हणजे बोर्डाच्या सचिवाला, तिचा पाठपुरावा करू द्या. क्लार्क हा हेड किंवा गव्हर्नर असू शकत नाही आणि बोर्डाची सेक्रेटरी म्हणजे शाळेची टायपिस्ट नव्हे. ऑफिसमधल्या बाईंनाच क्लार्क केलं तर हेडच्या चुकीबद्दल त्या हेडसमोर बोलणार कशा?

गणपूर्ती: भरलेल्या जागांच्या निम्मे, अपूर्णांक वर ढकलायचा. १२ पैकी ९ जागा भरलेल्या असतील तर ५. दुसऱ्याच्या नावाने मत देता येत नाही. मतं समसमान झाली तर अध्यक्षांना निर्णायक मत. शाळेचा कर्मचारी अध्यक्ष होऊ शकत नाही. परवानगीशिवाय सहा महिने गैरहजर राहिलेला पालक-गव्हर्नर अपात्र ठरतो. व्हिकरची बदली झाली आणि नवे यायला वर्ष लागलं तर त्यांची पदसिद्ध जागा रिकामी ठेवू नका, पर्यायी माणूस नेमण्याची सोय असते. बोर्डाच्या घटनापत्रात ती कोणाच्या हाती आहे ते लिहिलेलं असतं.

आता इतिवृत्त, कारण रबर स्टँप आहे की नाही हे तिथेच कळतं. ही नोंद बघा:

'हेडनी उपस्थितीचा अहवाल सादर केला. गव्हर्नरांनी तो स्वीकारला.'

आणि ही:

'प्रश्न: दुसरीची उपस्थिती दोन टर्म घसरते आहे, कारण काय? हेड: चार कुटुंबं, दोन ठिकाणी आजारपण, दोन ठिकाणी सुट्टीतला प्रवास. प्रश्न: आजारपणाच्या दोन मुलांसाठी काय केलं? हेड: स्कूल नर्सची भेट ठरली आहे. पुढच्या बैठकीत आकडे पुन्हा बघायचे.'

बैठक तीच, वेळ तेवढाच. पण पहिल्या नोंदीने बोर्ड झोपलं होतं असं सिद्ध होतं. पुढच्या बैठकीत 'आकडे पुन्हा बघायचे' हे पहिल्या पाच मिनिटांत न विचारल्यास दुसरीही फुकट.

मोजपट्टी

आकड्यांबद्दल भर घालतो. प्राथमिक शाळेत गव्हर्नरसमोर हे येतात: पहिलीत जूनमधली फोनिक्स (अक्षरांचे आवाज जुळवून वाचण्याची) चाचणी, ४० शब्द, चौथीत पाढ्यांची चाचणी, २५ प्रश्न, प्रत्येकी ६ सेकंद, सहावीत मे महिन्यातल्या सॅट्स (राष्ट्रीय चाचण्या), ८० ते १२० च्या मापावर १०० म्हणजे अपेक्षित पातळी.

गावातल्या चर्चच्या शाळा लहान असतात. वर्गात १५ मुलं असतील तर एक मूल म्हणजे ६.७%. 'गणित ८०% वरून ६७% वर घसरलं' हे ऐकायला भयंकर, प्रत्यक्षात फरक दोन मुलांचा. म्हणून लहान शाळेत एका वर्षाची टक्केवारी बघून हेडला धारेवर धरू नका. मुलांची संख्या मागा, तीन वर्षं एकत्र बघा, आणि तीच तुकडी आधीच्या इयत्तांत कुठे होती ते विचारा.

उलटही घडतं. 'आमची तुकडी लहान, आकड्यांना अर्थ नाही' ही ढाल सलग तिसऱ्या वर्षी पुढे आली तर खोदा. लेखन दरवर्षी मागे पडत असेल तर ती योगायोगाची दोन मुलं नाहीत.

वर्गभेटीत शिक्षकाला गुण द्यायचे नाहीत, ते गव्हर्नरचं काम नाही. शाळेच्या विकास आराखड्यातलं एक कलम घ्यायचं, त्याच विषयाच्या प्रमुखाशी बोलायचं, चार-सहा मुलांच्या वह्या त्यांच्याबरोबर बघायच्या आणि आठवड्याच्या आत एका पानाचं टिपण द्यायचं. वर्षाला अशा दोन-तीन भेटी पुरतात. बैठका, वाचन, भेटी धरून महिन्याला पाच-सहा तास धरा. अध्यक्षांचा हिशेब वेगळा.

हिशेबी

पैशाची एकच गोष्ट वर लिहायची राहिली. काउन्सिलच्या शाळांचं आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून, पण पैसे आदल्या ऑक्टोबरच्या शालेय जनगणनेतल्या पटावर. रिसेप्शनला (पहिलीआधीचा वर्ग) ३० जागा आणि २४ मुलं आली, तर ती सहा रिकामी बाकं सात वर्षं वर सरकत जातात. शिक्षक मात्र २४ मुलांनाही एकच लागतो. पगारांतच तीन-चतुर्थांशाहून अधिक पैसा जात असल्याने कागद आणि दिव्यांवर काटकसर करून हे भरून निघत नाही. म्हणून तीन वर्षांचा अंदाज बघताना शेवटच्या ओळीआधी पट काय धरलाय ते विचारा. आशावादी पट हे तुटीचं सर्वांत जुनं कारण. आर्थिक मानकांचं स्वयंमूल्यांकन ३१ मार्चपर्यंत काउन्सिलकडे जातं. ते हेड आणि बिझनेस मॅनेजर भरून आणतात आणि अध्यक्ष सही करतात असा प्रकार दिसला तर थांबवा, ते बोर्डाचं आहे.

उत्तरायण

व्हीएवाल्यांसाठी प्रवेशाचं, कारण चुका सर्वांत जास्त इथेच होतात.

नियम बदलायचे तर १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारीच्या दरम्यान किमान सहा आठवडे सल्लामसलत, २८ फेब्रुवारीपर्यंत ठराव. आणि हा ठराव पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सप्टेंबरसाठी. २८ फेब्रुवारी २०२६ चा ठराव सप्टेंबर २०२७ च्या प्रवेशाला लागू. काही बदल नसेल तरी दरवर्षी ठराव करायचाच, आणि सात वर्षांतून एकदा सल्लामसलतही. डायोसिसला विचारल्याशिवाय काही नाही.

मसुद्यात चुका कुठे होतात: 'नियमित उपासना' लिहितात आणि महिन्यातून किती वेळा, किती महिने ते लिहीत नाहीत. अंतर सरळ रेषेत की रस्त्याने, इमारतीच्या दारापासून की फ्लॅटच्या, हे सांगत नाहीत. दोन अर्ज अगदी बरोबरीत आले तर काय, हे शेवटचं कलमच नसतं. पूरक फॉर्मवर (काउन्सिलच्या अर्जाखेरीज शाळेचा स्वतःचा) पालकांचा व्यवसाय किंवा वैवाहिक स्थिती विचारतात, ते चालत नाही. मुलाखत तर नाहीच नाही. पूरक फॉर्म न भरलेल्या मुलाचा अर्ज बाद होत नाही, श्रद्धेच्या निकषाऐवजी खालच्या निकषात मोजायचा. काउन्सिलच्या देखभालीतल्या मुलांना पहिला प्राधान्यक्रम.

पालकांनी लक्षात ठेवायच्या तारखा दोन: अर्ज १५ जानेवारीपर्यंत, निकाल १६ एप्रिलला. गव्हर्नर ओळखीचा आहे म्हणून जागा मिळत नाही. क्रमवारी लेखी निकषांवर लागते आणि अपिलाचं पॅनेल शाळेबाहेरचं असतं.

पानसुपारी

बरं, रबर स्टँप मागे घेतो. पण मुद्द्याचं सांगा: दिवाळीची सुट्टी आणि भारतात जायची रजा गव्हर्नर मंजूर करून देऊ शकतो का?

कारकून_काकू

नाही. उपस्थितीचं धोरण बोर्ड बघतं, एकेका रजेचा निर्णय हेडचा, आणि तोही अपवादात्मक परिस्थितीतच. प्रत्यक्ष दिवाळीच्या दिवसासाठी धार्मिक कारणाची वेगळी नोंद आहे, 'आर', आणि ती अधिकृत रजा धरली जाते. पुढचा आठवडा पुण्यात काढण्यासाठी ती वापरता येत नाही.

ऑगस्ट २०२४ पासून नियम देशभर एकच. दहा शालेय आठवड्यांत दहा सत्रं, म्हणजे पाच दिवस, विनापरवानगी गैरहजेरी झाली की दंडाचा विचार होतो. २१ दिवसांत भरला तर ८० पौंड, २८ दिवसांपर्यंत १६०. हा दर पालकामागे आणि मुलामागे. तीन वर्षांत दुसरा दंड सरळ १६०, तिसऱ्या वेळी दंडाऐवजी बहुधा कोर्ट. दंडावर गव्हर्नरांकडे अपील नसतं, त्यामुळे त्यांना गळ घालू नका.

यावरून गेटवरच्या तक्रारींचं. पालक-गव्हर्नर हा पालकांचा वकील नसतो, पालकांमधून आलेला गव्हर्नर असतो. कोणी गेटवर 'अमुक टीचरनी माझ्या मुलाला असं केलं' म्हणून सुरू झालं तर पहिल्या दोन वाक्यांनंतर थांबवा आणि तक्रारीच्या धोरणाकडे बोट दाखवा: आधी वर्गशिक्षक, मग हेड, मग लेखी. हे माणूसघाणेपणाचं वाटतं, पण कारण आहे. तीच तक्रार शेवटी गव्हर्नरांच्या पॅनेलपुढे येते, आणि आधी तपशील ऐकलेला माणूस त्या पॅनेलवर बसू शकत नाही. लहान बोर्डात असे चार जण बाद झाले की पॅनेलला तीन माणसं मिळत नाहीत. मुलाला कायमचं काढून टाकण्याच्या प्रकरणात तर पॅनेलने १५ शालेय दिवसांत बसायचं असतं, तिथे माणसं शोधत फिरायला वेळ नसतो.

मोजपट्टी

मुलांच्या सुरक्षिततेचं कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. नेमणुकीपासून २१ दिवसांत प्रत्येक गव्हर्नरच्या डीबीएस (गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या) तपासणीचा अर्ज जायला हवा, आणि प्रशिक्षण सुरुवातीलाच.

सुरक्षितता-गव्हर्नर शाळेचं एकत्रित नोंदपत्रक बघतो. स्प्रेडशीट असते: नाव, ओळख तपासल्याची तारीख, डीबीएस, काम करण्याचा हक्क, शिकवण्यावर बंदी नसल्याची खात्री, परदेशात राहिलेल्यांच्या जादा तपासण्या. 'सगळं हिरवं आहे' ऐकून उठू नका. तीन नावं तुम्ही निवडा: एक नुकताच लागलेला, एक स्वयंसेवक, एक बाहेरून येणारा, उदाहरणार्थ संगीत शिक्षक. आडव्या ओळीत रिकामा रकाना शोधा, आणि तपासणीची तारीख कामावर आल्याच्या तारखेआधीची आहे का बघा. चर्चच्या शाळेत आणखी एक गट असतो, उपासना घ्यायला येणारे पॅरिशचे लोक. 'ते आपलेच' म्हणून नेमके त्यांचेच रकाने कोरे राहतात.

टेकडीवरची_चिमणी

वाचनखूण साठवली. शेवटचं: हेडची नेमणूकही बोर्डच करतं का? त्यात पालक-गव्हर्नरला स्थान असतं?

उत्तरायण

हो, आणि बोर्डाचं सर्वांत मोठं काम तेच. किमान तीन गव्हर्नरांचं निवड मंडळ, त्यात एकाचं तरी सुरक्षित भरतीचं प्रशिक्षण झालेलं हवं. पालक-गव्हर्नर बसू शकतो. डायोसिसचा आणि काउन्सिलचा सल्लागार बरोबर असतो. व्हीएमध्ये उमेदवाराची श्रद्धा विचारात घेता येते. व्हीसीमध्ये तो शाळेचं धार्मिक स्वरूप जपू शकेल का एवढं बघता येतं.

घोळ होतो तारखांत. सप्टेंबरला नवा हेड हवा, आणि निवडलेला उमेदवार आधीच कुठे हेड असेल, तर त्याला ३० एप्रिलपर्यंत राजीनामा द्यावा लागतो. उपमुख्याध्यापकाला ३१ मेपर्यंत. म्हणजे जाहिरात जानेवारी-फेब्रुवारीत, मुलाखती मार्चमध्ये. एप्रिलात जाहिरात काढणारं बोर्ड चालू हेड मंडळींना आपोआप बाद करून टाकतं आणि मग 'अर्जच आले नाहीत' म्हणतं.

नेमल्यावर दरवर्षी हेडचं मूल्यमापन दोन-तीन गव्हर्नर बाहेरच्या सल्लागारासह करतात. कर्मचारी-गव्हर्नर त्यात नसतो. उद्दिष्टं तीन-चारच ठेवा आणि त्यांतलं एक हेडच्या स्वतःच्या कामाच्या ओझ्याबद्दल असू द्या. लहान शाळेत हेड अर्धा वेळ वर्गावर शिकवतो, जेवणाच्या सुट्टीत मैदानावर उभा असतो आणि बॉयलरवाल्याला फोनही तोच करतो. बोर्ड देखरेख ठेवतं तसं त्याला सांभाळायचंही असतं.

कारकून_काकू

चिमणीताई, अर्ज भरायच्या आधी शाळेच्या वेबसाइटवरून गव्हर्नरांचं हजेरीपत्रक आणि हितसंबंधांची नोंद बघा, आणि ऑफिसमधून मागच्या तीन बैठकांची मंजूर इतिवृत्तं मागून घ्या. गोपनीय भाग सोडून ती कोणालाही बघायला मिळतात. तिन्हींत एकही प्रश्नचिन्ह नसेल तर जागा नुसती रिकामी नाही, गरजेचीही आहे असं समजा.

टेकडीवरची_चिमणी

मागवते.